सलग हार, सब्र आणि मैसिर

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. असरच्या नमाजनंतर मशिदीच्या ओसरीवर बसलो होतो. ओळखीच्या कुटुंबातील एक तरुण जवळ येऊन बसला. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तो खालच्या आवाजात म्हणाला, "चाचा, एखादा वजीफा सांगा. चार महिने झाले, सारखा हरतो आहे." मला वाटले, कोर्टकचेरीचे प्रकरण असेल किंवा धंद्यात खोट बसली असेल. विचारले, तर उत्तर आले, "पोकरमध्ये."

उठून जावे असे क्षणभर वाटले, हे कबूल करतो. जुगारात जिंकण्यासाठी अल्लाहचे नाव घ्यायचे? परंतु त्याच्या चेहऱ्यावर उद्धटपणा नव्हता, थकवा होता. म्हणून बसून राहिलो. त्या दिवशी आणि नंतरच्या दोन-तीन भेटींत जे बोलणे झाले, त्यावरच हा लेख आधारला आहे. त्याची ओळख पटेल असा तपशील गाळला असून लिहिण्यास त्याची संमती आहे.

तरुण पुण्यात संगणक क्षेत्रात चांगल्या पगारावर आहे. रोजे धरतो, जुमा चुकवीत नाही. सहा वर्षे तो नियमित पोकर खेळत आला. प्रथम मोबाईलवर खेळे. 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींच्या मंजुरीने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला आणि ती दारे बंद झाली. तेव्हापासून शनिवारी रात्री एका मित्राच्या फ्लॅटवर बैठक भरू लागली. दोनदा तो पणजीला मांडवीतील कॅसिनोच्या जहाजावरही जाऊन आला. पहिली काही वर्षे आपण नफ्यात होतो, असे त्याचे म्हणणे. तशी वहीही त्याने ठेवली होती. गेल्या चार महिन्यांत तीन लाख चाळीस हजार रुपये गेले. त्यांतील एक लाख नव्वद हजार उसने आणि व्याजी काढलेले. घरी पत्नीला काही ठाऊक नव्हते.

"मी आंधळेपणाने खेळणारा नाही," तो पुनःपुन्हा सांगत होता. "हा कौशल्याचा खेळ आहे. वाईट काळ प्रत्येकाचा येतो. संयम ठेवला की तो निघून जातो. सब्र करायला तर आपला दीनच सांगतो ना?"

त्याचे हे शेवटचे वाक्य मला फार धोक्याचे वाटले. म्हणून त्याचा दावा टाळून न जाता तपासून पाहू.

कौशल्याचा युक्तिवाद

पोकरमध्ये कौशल्य नाही असे म्हणणे खोटे ठरेल. सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या प्रकारात 52 पत्त्यांच्या कॅटमधून प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात व पाच पत्ते सर्वांसाठी मध्ये उघडे मांडले जातात. दोन पत्त्यांच्या 1326 जोड्या संभवतात; त्यांपैकी केवळ 6 जोड्या दोन एक्क्यांच्या. म्हणजे सर्वोत्तम पत्ते सरासरी 221 डावांत एकदा हाती येतात. कोणते पत्ते टाकून द्यावेत, किती पैसे लावावेत, समोरचा थाप मारतो आहे की काय, हे ओळखण्यात अनुभवी माणूस नवख्याच्या पुढे असतो, यात शंका नाही.

पण एका बाजूला दोन एक्के आणि दुसऱ्या बाजूला दोन राजे असे पत्ते आले, तरी एक्केवाला सुमारे पाचपैकी चार वेळाच जिंकतो. पाचव्या वेळी तो हरतो, आणि त्यात त्याची काही चूक नसते. हजारो डाव खेळणाऱ्याच्या वाट्याला असे पाचवे डाव एकापाठोपाठ एक येणारच. खेळणाऱ्यांच्या जगात या सलग हारीवर भरपूर सल्ला मिळतो. रागाच्या भरात खेळू नका. हरलेले भरून काढण्यासाठी मोठ्या रकमेच्या टेबलावर जाऊ नका. खेळाचे पैसे घरखर्चापासून वेगळे ठेवा. काही दिवस थांबा, जुने डाव तपासा. सल्ला अडाणी नाही. आमच्या तरुणाला तो तोंडपाठ होता, आणि यांतील एकही गोष्ट त्याने पाळली नव्हती. हरणाऱ्या माणसाला थांबणे जमत नाही, हेच तर या आजाराचे लक्षण. शिवाय, या सगळ्या सल्ल्याचा हेतू एकच असतो : माणूस पुन्हा टेबलावर यावा आणि अधिक काळ टिकावा.

आपल्या देशातील न्यायालयांतही कौशल्य की नशीब हा वाद बराच चालला. 1968 साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले; 2017 साली गुजरात उच्च न्यायालयाने पोकरला तो मान नाकारला. 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांपुरता हा भेदच काढून टाकला : कौशल्य असो, नशीब असो की दोन्ही, बंदी सारखीच. शरीअतमध्ये मात्र या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झाला आहे, आणि त्याची पद्धत निराळी आहे.

मैसिर म्हणजे काय

इस्लामपूर्व अरबस्थानात मैसिर कसा खेळला जाई, याचे वर्णन भाष्यकारांनी केले आहे. उंट उधारीवर घेऊन कापला जाई. दहा बाण एका पिशवीत घालीत. सात बाणांवर एकपासून सातपर्यंत हिस्से कोरलेले असत आणि तीन बाण कोरे. ज्याच्या नावाने हिश्शाचा बाण निघे त्याला तितके मांस मिळे. ज्यांच्या वाट्याला कोरे बाण येत त्यांनी उंटाची किंमत भरायची. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, जिंकणारे ते मांस बहुधा गोरगरिबांत वाटून टाकीत. कडाक्याच्या थंडीत, दुष्काळात हा खेळ म्हणजे दातृत्वाचे प्रदर्शन होते. जो त्यात भाग घेत नसे, त्याला कंजूष म्हणून हिणवीत.

पवित्र कुरआनच्या 'अल्-बकरा' या अध्यायातील आयत 219 या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. दारू आणि मैसिरमध्ये लोकांसाठी काही लाभ आहेत, हे अल्लाहने तेथे नाकारलेले नाही; त्यांचे पाप लाभापेक्षा मोठे आहे, असे सांगितले आहे. ज्या जुगारातून भुकेल्यांच्या पोटात अन्न जात होते, त्याविषयी हा निर्णय आहे! फ्लॅटवरच्या शनिवारच्या बैठकीतून कोणाच्या पोटात काय जाते, याचा वाचकांनी विचार करावा. पुढे 'अल्-माइदा' अध्यायाच्या आयत 90 व 91 मध्ये अंतिम मनाई आली. तिची कारणेही तेथेच दिली आहेत : सैतान या मार्गाने तुमच्यात वैर व द्वेष पेरू इच्छितो आणि अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून तुम्हाला रोखू इच्छितो.

या कारणांमध्ये नशिबाचा उल्लेख नाही. पत्ते पडण्याच्या अनिश्चिततेपाशी हा विषय थांबत नाही. एकाचे गेल्याशिवाय दुसऱ्याला मिळत नाही, असा पैशाचा व्यवहार फकीहांनी 'किमार' या नावाखाली घेतला. मुजाहिद (रह.) यांच्यासारख्या ताबिईंनी तर मुलांच्या अक्रोड लावून खेळण्यालाही मैसिरमध्ये धरले. कौशल्यामुळे पैज वैध ठरत नाही, याचा पुरावा हदीसमध्येच आहे. अबू दाऊद व तिरमिजी यांच्या संग्रहांतील हदीसनुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बक्षिसाची स्पर्धा बाणांचा नेम, उंट व घोडे यांच्या शर्यतींपुरती मर्यादित केली. या तिन्ही गोष्टी त्या काळी संरक्षणाच्या तयारीच्या होत्या. कौशल्य हाच निकष असता, तर तीनच नावे सांगण्याचे प्रयोजन उरले नसते. आणि 'चल, जुगार खेळू' असे नुसते म्हणणाऱ्यानेही सदका द्यावा, ही बुखारी व मुस्लिम यांतील शिकवण पाहिली की, आमंत्रणाच्या त्या चार शब्दांचेही वजन किती आहे, ते कळते.

तुमची हार संपणे म्हणजे काय

आता वजीफ्याकडे येऊ. मी त्या तरुणाला विचारले, "समज, तुझी दुआ कबूल झाली. पुढच्या शनिवारपासून तू जिंकू लागलास. पैसे कोठून येतील?"

"टेबलावरून."

"टेबलावर कोठून?"

तो गप्प राहिला. त्या टेबलावर त्याचे पाच मित्र बसतात. दोघांना लहान मुले आहेत. एकाने आईच्या शस्त्रक्रियेसाठी ठेवलेले पैसे लावल्याचे यालाच ठाऊक होते. याची हार संपणे म्हणजे त्यांच्यापैकी कोणाची तरी सुरू होणे. व्यापारात असे नसते. मी कापड विकतो, तुम्ही विकत घेता; मला नफा होतो आणि तुम्हाला कापड मिळते. दोघेही समाधानाने घरी जाऊ शकतात. पोकरच्या टेबलावर रात्रभरात एक रुपयाही नवा निर्माण होत नाही. कमी मात्र होतो. समजा, सहा जणांनी प्रत्येकी दहा हजार आणले, म्हणजे एकूण साठ हजार. प्रत्येक डावात सरासरी हजार रुपये मध्ये जमले आणि जागा देणाऱ्याने शेकडा पाच कापून घेतले, तर डावामागे पन्नास गेले. तासाला पंचवीस डाव झाले तर साडेबाराशे. अठ्ठेचाळीस तासांच्या खेळात साठच्या साठ हजार जागेवाल्याच्या खिशात जातात. सहाही जण सारखेच हुशार असले, तर सहाही जण भिकेला लागतात.

दुआ कबूल होते, जोवर ती पापासाठी किंवा नाती तोडण्यासाठी केलेली नसते, असे सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये आले आहे. याच्या दुआत दोन्ही गोष्टी होत्या. हे मी त्याला सांगितले तेव्हा त्याने वाद घातला नाही. पुढे मात्र तो जे बोलला ते मला विसरता येत नाही. "नमाजमध्ये उभा राहिलो की डाव दिसतात, चाचा. तो हात सोडला असता तर? थोडे कमी लावले असते तर? सज्दा कधी झाला तेही कळत नाही."

हरणाऱ्याचे सारे दुःख या 'तर' मध्ये आहे. सहीह मुस्लिममध्येच अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आलेल्या एका हदीसमध्ये प्रेषितांनी (स.) शिकविले आहे की, जे हितकारक आहे त्याचा ध्यास धरावा, अल्लाहची मदत मागावी आणि हतबल होऊ नये. काही विपरीत घडले तर 'मी असे केले असते तर' म्हणत बसू नये, अल्लाहने जे ठरविले ते झाले असे म्हणावे. कारण तो 'जर' सैतानाच्या कामाचे दार उघडतो. 'अल्-हदीद' अध्यायाच्या आयत 22 व 23 मध्येही नियतीवरील श्रद्धेचा हाच परिणाम सांगितला आहे : गेलेल्याचे दुःख करीत बसू नये आणि मिळालेल्यावर फुशारू नये.

येथे एक गैरसमज होतो. नियतीवर श्रद्धा ठेवणे आणि 'आता माझी पाळी येणारच' असे मानणे, या दोन गोष्टी काही जण एकच समजतात. 18 ऑगस्ट 1913 रोजी मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत फिरत्या चक्राचा चेंडू सलग 26 वेळा काळ्या रंगावर थांबला. 'आता तरी लाल येईल' म्हणून लोक दर फेरीला अधिकाधिक पैसे लाल रंगावर लावीत गेले आणि बुडाले. चक्राला मागची फेरी आठवत नाही, पत्त्यांनाही नाही. अल्लाहने हरणाऱ्याचे पुढच्या डावात भरून देण्याचे वचन कोठेही दिलेले नाही.

आणि सब्र? संकटावर सब्र असतो, आज्ञापालनावर असतो, आणि पापापासून स्वतःला रोखून धरण्यावरही असतो. पापात टिकून राहण्याला सब्र म्हणत नाहीत. शनिवारी रात्री दहा वाजता फोन वाजला असता तो न उचलणे, हा या तरुणाचा सब्र आहे. आणि गेलेले तीन लाख चाळीस हजार गेले, हे मान्य करून झोपणे हाही. दुसरा भाग पहिल्यापेक्षा कठीण आहे, असे मला वाटते. पैसा परत मिळविण्याची आशा हीच त्याला टेबलाशी बांधून ठेवते. ती सुटली की फोनची घंटा आपोआप क्षीण होते.

घरात बोलावे कसे

'अन्-निसा' अध्यायाच्या आयत 29 मध्ये परस्परांची संपत्ती अवैध मार्गाने खाऊ नका, परस्पर संमतीचा व्यापार असेल तर गोष्ट वेगळी, असे सांगितल्यानंतर लगेच त्याच आयतीत स्वतःचा जीव घेण्यास मनाई केली आहे, आणि अल्लाह तुमच्याबाबतीत दयाळू आहे अशी ग्वाही दिली आहे. भाष्यकारांनी तेथे एकमेकांची हत्या हाही अर्थ घेतला आहे. परंतु कर्जात बुडालेल्या जुगाऱ्यांच्या घरी काय घडते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या दोन मनाया शेजारी शेजारी का आल्या याचे नवल वाटणार नाही. मी त्याला सरळ विचारले, "जीव द्यावासा वाटला का?" त्याने मान हलविली. असे विचारल्याने मनात नसलेली कल्पना शिरते, ही समजूत चुकीची आहे. विचारावे. जुगाराचे व्यसन हा जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेला आजार आहे. तौबा आणि वैद्यकीय उपचार यांत विरोध नाही. मानसिक आरोग्यासाठी शासनाची टेली-मानस ही 14416 क्रमांकाची विनामूल्य सेवा आहे. त्याच संध्याकाळी ओसरीवर बसूनच त्याने तो क्रमांक लावला.

पत्नीला सांगणे त्याला सर्वांत अवघड गेले. कर्जापासून प्रेषित (स.) अल्लाहचा आश्रय मागत, आणि त्याचे कारण विचारले असता, कर्जदार बोलतो तेव्हा खोटे बोलतो व वचन देतो तेव्हा मोडतो, असे त्यांनी सांगितल्याचे बुखारीत आहे. चार महिने हा मनुष्य 'ऑफिसचे काम' म्हणून शनिवारी बाहेर जात होता. दोन दिवसांनी त्याने सांगितले. ती रडली, मग माहेरी फोन केला, मग वही मागितली.

वही मागितली हे तिने फार शहाणपणाचे केले. अशा घरांतून दोन चुका होताना मी पाहिल्या आहेत. एक म्हणजे चारचौघांत अपमान. 'जुगारी' हे नाव एकदा चिकटले की, माणूस ज्या टेबलावर त्याला कोणी नावे ठेवीत नाही तेथेच परत जातो. दुसरी चूक अब्बा-अम्मी करतात : दागिने मोडून, गावची जमीन विकून सगळे कर्ज एकदम फेडून टाकतात आणि मुलाच्या हाती रोकड देतात. मोकळा झालेला हात पुन्हा पत्त्यांकडे जातो. त्यापेक्षा पगार पत्नीच्या किंवा वडिलांच्या देखरेखीखाली यावा, देणेकऱ्यांची यादी करावी आणि ज्याचे त्याला घरच्यांनी थेट द्यावे. व्याजी कर्ज आधी संपवावे. त्यासाठी नवे व्याजी कर्ज काढू नये. टेबलावर हरलेल्या पैजेचे येणे मागणाऱ्याला भारतीय करार कायद्याच्या कलम 30 नुसार न्यायालयातून ते वसूल करता येत नाही. मात्र मित्राने विश्वासाने दिलेली उसनवारी ही अमानत आहे, ती परत केलीच पाहिजे.

काही वाचक विचारतील की, अशा माणसाला जकातीतून मदत करता येईल काय? 'अत्-तौबा' अध्यायाच्या आयत 60 मध्ये जकातीच्या हक्कदारांत कर्जदारांचा समावेश आहे. कर्ज पापासाठी काढले असेल, तर त्याने तौबा केलेली असावी, अशी अट अनेक फकीहांनी घातली आहे. माझ्या मते बैतुलमालच्या जबाबदार मंडळींनी येथे घाई करू नये. काही महिने पाहावे, आणि दिलेच तर देणेकऱ्याच्या हाती द्यावे. या तरुणाच्या बाबतीत तशी गरज पडली नाही. पगारातून वीस महिन्यांत फिटेल असा हिशेब त्याच्या पत्नीने मांडला.

शेवटच्या भेटीत त्याने एक प्रश्न आणला. पहिल्या वर्षांत जिंकलेल्या पैशांतून घेतलेली मोटारसायकल दारात उभी होती. "पण एकूण हिशेबात मी हरलोच आहे. मग जिंकलेले काही उरलेच नाही ना?" हिशेब तसा चालत नाही, असे मी म्हणालो. ज्यांच्याकडून जिंकले ते वेगळे होते, ज्यांच्याकडे हरलो ते वेगळे. अवैध मार्गाने आलेली संपत्ती मूळ मालक ठाऊक असेल तर त्याला द्यावी, नसेल तर पुण्याची अपेक्षा न ठेवता गरजूंना देऊन टाकावी, हा सर्वसाधारण नियम आहे. जुगारातील रक्कम हरणाऱ्याने स्वतःच्या राजीखुशीने लावलेली असल्यामुळे, ती त्यालाच परत करावी की गरिबांना द्यावी, याविषयी आलिमांत मतभेद आहेत. मी मुफ्ती नाही. आमच्या शहरातील दारुल इफ्तामध्ये त्याने सर्व आकड्यांसह प्रश्न लिहून दिला आहे. उत्तर येईपर्यंत मोटारसायकलची किल्ली पत्नीच्या कपाटात आहे आणि तो बसने कामाला जातो.